नळ उलटा फिरतो

या भाड्याच्या घरात राहायला आलो, त्या दिवशी ओट्याखालच्या कपाटाचे दार उघडले, तर आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले होते : 'हा नळ उलटा फिरतो. जोर लावू नये.' आधीच्या भाडेकरूंची आणि माझी कधी गाठ पडली नाही. तरीही माझ्या हातून नळाचे आटे जाऊ नयेत, एवढी काळजी त्यांनी घेतली होती. आता सात वर्षांनी घर सोडताना त्या ओळीखाली आपणही काही लिहावे, असे वाटते आहे आणि पेन्सिल हातात धरून मी कपाटासमोर बसलो आहे.

अनोळखी माणसासाठी लिहायचे, तर तो कसा असेल हे आधी मनाशी ठरवावे लागते आणि लिहिणाऱ्याचा स्वभाव तिथेच उघडा पडतो. कोकणातले गद्धेगाळ, म्हणजे जमिनीच्या दानाचे जुने कोरीव दगड, पाहावेत. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढव व स्त्री यांचे ते शिल्प : दिलेली जमीन जो हिरावून घेईल त्याच्या आईची अशी विटंबना होईल, ही शिवी चंद्रसूर्य असेतो टिकावी म्हणून दगडात कोरलेली. दात्याचे औदार्य खरेच. पण पुढे येणारा माणूस लबाड असणार, अशी त्याची जवळजवळ खात्री असावी. अक्षरशत्रूलाही अर्थ कळावा म्हणून चित्राची सोय केली आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यात भीमा आणि सीना जिथे मिळतात, त्या हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातील शके 940चा, म्हणजे इ.स. 1018चा शिलालेख नेमका उलट वृत्तीचा आहे. 'वाछि तो विजेया होईवा', जो वाचेल तो विजयी होईल, असे त्यात म्हटले आहे. अक्षरओळख असणारे थोडेच असतील अशा काळात कोणीतरी वाचणारा येईल हे कोरणाऱ्याने गृहीत धरले आणि वाचण्याच्या श्रमाबद्दल त्याच्यासाठी आशीर्वादही ठेवून दिला. मराठीतला याहून सभ्य मजकूर मला तरी ठाऊक नाही.

1977 साली व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या गेल्या, त्यांवर 55 भाषांतले नमस्कार आहेत. मराठी नमस्कारात परग्रहवासीयांना 'तुम्ही ह्या जन्मी धन्य व्हा' अशी सदिच्छा दिली आहे. त्यांच्याकडे जन्म एकच असतो की अनेक, याची चौकशी न करता. राजस्थानीत, आम्ही इथे खुशाल आहोत, तुम्हीही तिथे खुशाल असा, हा थेट जुन्या पोस्टकार्डाचा मायना आहे. मला सर्वांत आवडतो तो चीनच्या अमॉय बोलीतला निरोप : अवकाशातल्या मित्रांनो, तुम्ही जेवलात का? सवड झाली की या आमच्याकडे.

मीही प्रथम 'नव्या घरात सुखसमृद्धी लाभो' असे लिहिले. पण कपाटाच्या आत, नळाच्या शेजारी ते लग्नपत्रिकेसारखे दिसू लागले, म्हणून खोडरबराने पुसले. मग लिहिले : 'मागची खिडकी पावसात फुगते, किंचित वर उचलून ओढावी.' थोडा वेळ थांबून त्याखाली आणखी एक ओळ घातली : 'पहिल्या दिवशी गॅस जोडलेला नसेल, तर कोपऱ्यावर रात्री नऊपर्यंत पोळी-भाजी मिळते.'