शंखी गोगलगायीचं कूळ शोधताना

एमएस्सीच्या प्रबंधासाठी विषय शोधत फिरावं लागलं नाही. २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. माझ्या मामांनाही दुबार पेरणी करावी लागली. या आल्या कुठून, यावर गावात ज्याची त्याची वेगळी कथा. कुणी म्हणे कालव्याच्या पाण्यातून, कुणी म्हणे रोपवाटिकेतल्या कलमांच्या मातीतून, कुणाचा थेट बियाण्यावरच संशय. मामा मला म्हणाले, "तू डीएनए शिकतीस ना? मग सांग की कुठनं आल्या ते."

मूळ गाव तसं जगजाहीर आहे. ही गोगलगाय पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीची. हिंदी महासागरातली बेटं पालथी घालून ती मॉरिशसला पोचली आणि १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या, शंखशिंपल्यांचा नाद असलेल्या साहेबाने तिथून काही जिवंत नग कोलकात्याला आणले. नंतर त्या बागेतून बाहेर पडल्या. मला हवा होता तो पुढचा प्रवास, कोलकात्यापासून लातूरपर्यंतचा.

नमुने गोळा करणं सगळ्यात सोपं. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकायची, पहाटे त्यांच्याखाली ढीग तयार. हातमोजे मात्र हवेतच. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताच्या अळ्या या गोगलगायींत असू शकतात आणि माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. मामांच्या गड्यांनी आधी हसून घेतलं, मग घातले. 'पोटात पाय' म्हणतात त्या पायाचा वाटाण्याएवढा तुकडा कापून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, वर शेताचं नाव आणि तारीख पेन्सिलीने, कारण अल्कोहोलने पेनची शाई पुसली जाते.

खरी परीक्षा प्रयोगशाळेत झाली आणि ती घेतली चिकट स्रावाने. गोगलगायीच्या अंगातली ही बुळबुळीत शर्करायुक्त द्रव्यं डीएनएबरोबरच बाहेर येतात. नेहमीच्या किटने काढलेला डीएनए नळीच्या तळाशी जेलीसारखा बसला. यंत्रावर मोजला तर भरपूर. पीसीआर, म्हणजे हव्या त्या डीएनए तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची प्रक्रिया, लावलं तर जेलवर प्रतींचा चमकता पट्टा दिसायला हवा. तिथे काहीच नाही, नुसता अंधार. मग डीएनए काढायच्या सीटॅब या दुसऱ्या पद्धतीकडे वळले. ही मुळात वनस्पतींसाठीची, पण चिकट ऊतींना चालते. आधी तुकडा प्रोटिनेज के या विकरात रात्रभर विरघळवायचा, मग क्लोरोफॉर्मने धुवायचा, मधला पांढुरका थर चुकूनही पिपेटमध्ये येऊ द्यायचा नाही. तरीही पट्टा येईना. शेवटी माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अगं, डीएनए कमी घाल." दहापट पातळ केला आणि झगझगीत पट्टा आला! चिकट द्रव्यं पीसीआरमधल्या विकराला अडवत होती. डीएनए पातळ झाला तशी तीही विरळ झाली. पीसीआरमध्ये काही दिसेना की हात आपोआप जास्त डीएनएकडे जातो. गोगलगायीवर काम करणाऱ्याने आधी उलट करून बघावं.

वंश ताडायला मी निवडला होता मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला, १६एस नावाचा जनुक. तो अंडं घालणाऱ्या जिवाकडून येतो. गोगलगाय उभयलिंगी, त्यामुळे जोडीतल्या दोघीही आई होऊ शकतात. वंशावळ काढताना हे सारखं मनाला बजावावं लागतं. दुसरं कारण व्यवहाराचं. २०१४ मध्ये फिलिपिन्सच्या संशोधकांनी याच जनुकावर जगभरच्या गोगलगायी तपासल्या होत्या, म्हणजे तुलनेला तयार माहिती होती. जनुकाची विविधता त्यांना मुख्यतः पूर्व आफ्रिकेत आणि हिंदी महासागरातल्या बेटांवर सापडली. बाकी जगात सगळ्यात जास्त पसरलेला प्रकार एकच, त्याला त्यांनी 'सी' नाव दिलंय.

माझ्या नमुन्यांतल्या डीएनए अक्षरांचे क्रम आले, कडेची अस्पष्ट अक्षरं छाटली, जेनबँक या डीएनए क्रमांच्या खुल्या संग्रहाशी ताडले. सगळे 'सी'. कालव्याकाठचे 'सी', बांधावरचे 'सी', शेजारच्या तालुक्यातलेही 'सी'.

आधी हिरमुसले. गावात सगळ्यांचंच आडनाव पाटील असेल तर आडनावावरून घर कसं सापडणार? पण नंतर त्याच एकसारखेपणाचा अर्थ लागला. इतक्या गोगलगायींत फरकच नाही, म्हणजे मूळ आलेल्या मूठभर असणार. मोजक्या नगांतून पुढची फौज उभी राहणं या प्राण्याला अवघड नाही. एकदा जोडी जमली की मिळालेलं बीज ती साठवून ठेवते आणि एका खेपेला शेकड्याने अंडी घालते. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून मायामीला तीन गोगलगायी आणल्या, आजीने त्या बागेत सोडल्या. पुढे तिथे हजारोंनी मारल्या, दहा वर्षं मोहीम चालली.

मामांना सांगितलं, "कालवा की कलमं, ते या जनुकातून कळत नाही. पण बियाण्याने आल्या असं कुणी ठामपणे म्हणालं तर त्याच्याकडे पुरावा मागा." ते म्हणाले, "म्हंजे सरकारी उत्तर झालं." झालं खरं.

जिल्ह्याजिल्ह्यांतला फरक पकडायचा तर केंद्रकातल्या डीएनएवर हजारो ठिकाणं वाचावी लागतील. या गोगलगायीचा संपूर्ण जनुकसंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झालाय, त्यामुळे ते आता शक्य आहे. अडतंय ते पैशापाशी आणि नमुन्यांपाशी. कोकणातले, विदर्भातले, मुख्य म्हणजे बंगालमधले नमुने हवेत. तुम्ही कुणी या कामात असाल तर पायाचे तुकडे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मालिनमध्ये नको, त्यात डीएनएची वाट लागते.