वहीतला पहिला शब्द

सुरुवातीला आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी वर्गमैत्रीण. स्पॅनिश पुण्यातच शिकलो आणि स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतराची कामं यायची ती यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची. कोर्टाचं पहिलं काम आलं ते माद्रिदच्या एका निकालपत्राचं, लंडनच्या वकिलांसाठी. वर ठळक अक्षरात ‘सेन्तेन्सिया’. आम्ही सरळ ‘सेन्टेन्स’ लिहून मोकळ्या झालो. दुसऱ्या दिवशी वकिलांचा फोन, शिक्षा किती झाली? आरोपी तर निर्दोष सुटला होता!

‘सेन्तेन्सिया’ म्हणजे निकाल, इंग्रजीत ‘जजमेंट’. शिक्षेला स्पॅनिशमध्ये ‘कोन्देना’ म्हणतात. सुटलेल्या माणसाच्या कागदावर आम्ही शिक्षा लिहिली, ही गोष्ट मला कितीतरी दिवस झोपू देईना. त्याच आठवड्यात शब्दांची वही सुरू केली.

वही भरत गेली तशी समजत गेली ती तिथली न्यायव्यवस्था. स्पेनमध्ये न्यायाधीशाचे निर्णय तीन प्रकारचे. कामकाज पुढे सरकवणारा साधा आदेश म्हणजे ‘प्रोविदेन्सिया’, कोठडीसारख्या प्रश्नावर कारणं देऊन केलेला आदेश म्हणजे ‘आउतो’ आणि खटला निकाली काढते ती ‘सेन्तेन्सिया’. तिन्हींना ‘ऑर्डर’ म्हटलं तर वाचणाऱ्या वकिलाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून आउतोला आम्ही ‘रीझन्ड ऑर्डर’ लिहितो. ‘हुएस दे इन्स्त्रुक्सिओन’ हा तपास स्वतः चालवणारा न्यायाधीश. इंग्लंडात किंवा आपल्याकडे तपास पोलिसांचा, त्यामुळे तयार पद सापडत नाही. ‘इन्व्हेस्टिगेटिंग जज’ त्यातल्या त्यात नेमकं.

कागदाची तारीखही बघावी लागते. 2015 च्या कायदेबदलाने स्पेनमध्ये तपासाच्या टप्प्यावरचा ‘इंपुतादो’ (आरोप असलेला) हा शब्द काढून ‘इन्वेस्तिगादो’ (तपास चालू असलेला) आणला, कारण आधीच्या शब्दाला दोषाचा वास येत होता. मला तो बदल फार मोलाचा वाटतो. आणि देश बदलला की सगळंच बदलतं. मेक्सिकोचा ‘आंपारो’, म्हणजे मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी कोर्टात मागायची दाद, आपल्या रिटच्या जवळचा, पण तो रिट नव्हे. तो शब्द तसाच ठेवून आम्ही खाली एका ओळीत खुलासा देतो.

आता आम्ही सहाजणी आहोत. वहीला चार रकाने झालेत: शब्द, देश, साल, इंग्रजी. एकीने केलेलं काम दुसरी मूळ कागदाशी ताडून बघते. ‘सेन्तेन्सिया’ असलेलं पान मात्र अजूनही आम्ही दोघी शेजारी बसून वाचतो, मगच पाठवतो.