मॅलॉक दोन थरांत: सी मधले पॉइंटरांचे अ‍ॅरे

फाइलमधल्या सगळ्या ओळी मेमरीत घ्यायच्या आहेत, पण ओळी किती आणि कोणती किती लांब, हे आधी ठाऊक नाही. सी मध्ये पॉइंटरांचा, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांचा, अ‍ॅरे लागतो तो बहुतेक वेळा अशाच कामाला. इथे मॅलॉक या फंक्शनकडून मेमरी दोनदा मागावी लागते: आधी पॉइंटर ठेवायला, मग प्रत्येक ओळीच्या अक्षरांना. पहिल्या मॅलॉकनंतर त्या पॉइंटरांत नुसता कचरा असतो. मजकूर उतरवणारं स्ट्रकॉपी त्यालाच पत्ता समजून तिथे लिहायला जातं.

६४ बिटांच्या लिनक्सवर पॉइंटर ८ बाइटांचा, म्हणजे १००० ओळींना ८००० बाइट. आकार सांगणाऱ्या साइझऑफमध्ये कॅरपुढचा (अक्षराच्या टाइपपुढचा) स्टार, म्हणजे पॉइंटरची खूण, गळला की एका अक्षराचा १ बाइट धरला जातो आणि मिळतात १०००, आणि कम्पाइलर सहसा चकार शब्द काढत नाही. त्यात १२५ पॉइंटर मावतात. १२६वा बाहेर पडून मॅलॉकच्या स्वतःच्या नोंदी बिघडवतो. त्यामुळे चाचणीच्या छोट्या फाइलवर सगळं सुरळीत चालतं आणि मोठ्या फाइलवर प्रोग्राम कोसळतो, तोही बहुधा भलत्याच ठिकाणी, पुढच्या एखाद्या निरपराध फ्रीमध्ये, म्हणजे मेमरी परत करताना. म्हणून साइझऑफमध्ये टाइपचं नाव लिहूच नये. अ‍ॅरेचं नाव ‘ओळी’ असेल तर ‘साइझऑफ स्टार ओळी’ लिहावं. पुढे टाइप बदलला तरी हिशोब चुकत नाही.

दुसऱ्या थरात स्ट्रलेन (ओळीची लांबी) अधिक १ बाइट, मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी. ओळ वाचणारी गेटलाइन वापरत असाल तर तिचा बफर (वाचलेली ओळ ठेवायची जागा) थेट अ‍ॅरेत ठेवू नका. ती तोच बफर पुन्हापुन्हा भरते. शेवटी सगळे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवतात आणि प्रत्येक ओळ शेवटच्या ओळीसारखी दिसते. मधेच बफर हलला असेल तर जुने पॉइंटर मोकळ्या केलेल्या जागेकडे बघत राहतात. स्ट्रडपने प्रत घ्यावी.

जागा संपली की क्षमता दुप्पट करून रीअलॉक, म्हणजे ब्लॉकचा आकार बदलून घेणं. एकेका ओळीसाठी रीअलॉक करणं उगाच महाग. त्याचं उत्तर मात्र थेट ‘ओळी’त घेऊ नये. रीअलॉक फसलं तर नल (रिकामा पॉइंटर) येतो, जुना ब्लॉक तसाच शाबूत राहतो, पण त्याचा एकमेव पत्ता तुम्ही पुसलेला असतो. आधी तात्पुरत्या पॉइंटरात घ्या, तपासा, मगच नेमा. रीअलॉकने अ‍ॅरे हलला तरी ओळींची अक्षरं जागची हलत नाहीत. अ‍ॅरेतल्या एखाद्या घराचा पत्ता कुठे जपून ठेवला असेल तर तो मात्र बाद होतो.

मोकळं करताना क्रम उलटा: आधी लूप चालवून एकेक ओळ, मग अ‍ॅरे. फक्त अ‍ॅरे फ्री केला तर मेमरीची गळती शोधणारं व्हॅलग्राइंड त्या ओळी ‘डेफिनेटली लॉस्ट’ म्हणून दाखवतं. अ‍ॅरेचाच पत्ता हरवला असेल तर अ‍ॅरे ‘डेफिनेटली’ आणि ओळी ‘इनडायरेक्टली लॉस्ट’ होतात. हा फरक ओळखता आला की गळती कुठल्या थरात आहे ते कळतं.

अशा अ‍ॅरेला क्यूसॉर्ट (क्रम लावणारं फंक्शन) लावताना दोन मजकुरांची तुलना करणारं स्ट्रकम्प तसंच देण्याचा मोह होतो. क्यूसॉर्ट तुलनेच्या फंक्शनला ओळीचा नव्हे, तर अ‍ॅरेतल्या घराचा पत्ता देतं. त्यामुळे अक्षरांऐवजी पॉइंटरांच्या बाइटांची तुलना होते आणि क्रम भलताच लागतो. चार ओळींचं स्वतःचं फंक्शन लिहून त्यात एकदा स्टार लावून ओळीपर्यंत पोचावं, मग स्ट्रकम्प.