१.११ केल्विनची चुनाभट्टी

बेळगावात पीयूसीच्या (म्हणजे अकरावी-बारावीच्या) पोरांना केमिस्ट्री शिकवतो. खानापूर-निपाणीकडची दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली पोरं 'स्पॉन्टॅनियस' (आपोआप घडणारं) म्हटलं की वहीत मान घालतात, म्हणून माझा निम्मा तास मराठीतच चालतो.

त्या दिवशी फळ्यावर चुनखडी भाजायला घेतली होती. एन्ट्रॉपीचा, म्हणजे पदार्थातल्या विस्कळीतपणाच्या मापाचा, हिशेब सरळ: जे तयार झालं त्याची बेरीज, त्यातून मूळ पदार्थ वजा. कळीचा चुना ३९.७, कार्बन डायऑक्साइड २१३.७, चुनखडी ९२.९. बाकी अधिक १६०.५. घनातून वायू सुटतोय, अधिक येणारच. आकडेमोडीआधी चिन्ह ओळखा, हे मी रोज बजावतो. पुढं भाजायला लागणारी उष्णता १७८.३, भागिले १६०.५, आणि झोकात लिहिलं: १.११ केल्विन. याच्या वर चुनखडी आपोआप फुटते.

मागून एक मुलगी म्हणाली, "सर, मग आमच्या आज्जानं भट्टीत एवढा कोळसा कशाला घातला ओ?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण कान गरम झाले. १.११ केल्विन म्हणजे उणे २७२ सेल्सिअस! उष्णता किलोज्यूलमध्ये, एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये. ज्या चुकीचे इतकी वर्षं मार्क कापले, तीच! हजारानं गुणल्यावर ११११ केल्विन, म्हणजे ८३८ सेल्सिअस. भट्टी ९०० च्या पुढंच लागते, कारण आपले आकडे २५ अंशांवरचे. ताप चढला की तेही थोडे सरकतात.

मग पुढचा तास त्या चुकीवरच काढला. २९८ केल्विनला, म्हणजे २५ अंशांना, चुनखडी १६०.५ कमावते खरी, पण त्यासाठी भोवतालातून १,७८,३०० ज्यूल ओढते. २९८ नं भागलं की भोवतालाचं ५९८ चं नुकसान. एकूण उणे ४३८, आणि एकूण बेरीज उणे असली की आपोआप काही घडत नाही. भिंतीतल्या चुन्याची हवेत परत चुनखडीच होते, ती फुटत नाही. म्हणून चुन्याचे जुने वाडे अजून उभे आहेत.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी कॅरीबॅगमधून चुन्याची कळीच घेऊन आली. स्टीलच्या ताटलीत ठेवून पाणी शिंपडलं. फुसफुसली, वाफ आली, फुगून भुगा झाली.

"आता ह्याचं काढा."

पहिल्या बाकावरच्यानं काढलं: उणे २६.२. खोडलं, परत काढलं, तेच. "सर, उणे येतंय की! मग झालं कसं ते?"

मी त्याला ताटलीच्या कडेला बोट लावायला सांगितलं. बोट झटक्यात मागं आलं. नंतर त्याच्या वहीत पाहिलं: भोवतालाला मिळालेली उष्णता ६५,२०० भागिले २९८. ज्यूलमध्ये.