ॲल्युमिनियमचं कोटिंग ठरवायचं ते ड्रॉइंगवरच

गोव्यात कुंडईतल्या आमच्या शॉपमध्ये बरेच जॉब येतात ते ड्रॉइंगच्या तळाशी एकच ओळ घेऊन: ‘ॲनोडाइज करून द्या’, म्हणजे विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा कठीण थर चढवा. मी फोन करून विचारतोच, भाग बसणार कुठे? त्यावर घासणार काय? आणि बोल्ट कसले?

बोल्टचं विचारलं की माणसं चक्रावतात. पण मालीमच्या जेटीवर एखाद्या ट्रॉलरवरचा ब्रॅकेट खोलून बघा. स्टेनलेसचा बोल्ट लखलखीत असतो आणि वॉशरखाली पांढरी भुकटी. स्क्रायबर (खुणा करायची टोकदार सळई) टेकवला की टोक आत जातं. मिठाचं पाणी मध्ये आलं की दोन धातूंची बॅटरीच होते, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. स्टेनलेस बोल्ट मलाही हवेतच, पण नायलॉनच्या वॉशर आणि स्लीव्हसकट. नुसत्या कोटिंगवर भिस्त ठेवू नये. एक ओरखडा पडला की सगळी झीज त्या एका जागी एकवटते.

घासणाऱ्या भागाला हार्ड ॲनोडाइज, म्हणजे जास्त जाड आणि कठीण थर, उत्तम. मात्र ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थरातला साधारण अर्धा धातूत मुरतो, अर्धा वर चढतो. म्हणजे बोअरचा (आतल्या गोल भोकाचा) व्यास ५० मायक्रॉनने घटतो. एच-७ म्हणजे बोअरच्या मापात किती फरक चालेल याची ठरलेली मर्यादा; २० मिलिमीटरच्या एच-७ बोअरला ही सूटच मुळी २१ मायक्रॉनची, मग बेअरिंग बसणार कसं? मशिनिंग करतानाच बोअर तेवढा मोठा धरा, नाहीतर तो आणि टॅप केलेली (आटे पाडलेली) भोकं झाकायला सांगा. थर गरम पाण्यात सील केला की खाऱ्या हवेला चांगला टिकतो, पण घासायला थोडा नरम पडतो. दोन्ही एकदम पुरतं मिळत नाही.

इलेक्ट्रोलेस निकेल, म्हणजे वीज न वापरता रसायनाने चढवलेला निकेलचा थर, आतल्या भोकांतही सारखा चढतो, म्हणून पॅकिंग मशिनच्या भागांना मी आनंदाने सुचवतो. बोटीच्या डेकवर मात्र नाही. निकेलला सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी खालचं ॲल्युमिनियम पोखरलं जातं.

एडीसी-१२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या डायकास्टिंगमध्ये (साच्यात दाबाने ओतलेल्या भागात) सिलिकॉन इतकं असतं की ॲनोडाइज काळपट, डागाळलेलं येतं. तिथे क्रोमेट (रसायनाचा पातळ, वीज वाहू देणारा थर) करून वर पावडर कोटिंग बरं. अर्थिंगची जागा तेवढी नुसत्या क्रोमेटवर ठेवा, पावडरमधून वीज जात नाही.

आणि ५० मायक्रॉनचा थर हवा असेल तर बाहेरच्या कडांना दीड मिलिमीटर गोलाई द्या. धारदार कडेवर थर फाटतो आणि पहिल्या पावसाळ्यात तिथूनच झीज सुरू होते.