न खोदण्याची परवानगी

जमिनीला धक्का न लावता आत काय गाडलं गेलंय ते पाहण्याची यंत्रं आहेत, ती चालवणारी माणसंही आहेत. पण त्या कामासाठी अर्जाचा नमुना मात्र मला एकाही टेबलावर मिळाला नाही. हा राग अजून गेलेला नाही आणि माझ्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्यांचं वर्ष असं वाया जाऊ नये, म्हणून लिहिते आहे.

माझ्या पुरातत्त्वाच्या संशोधनाचं टेकाड गोदावरीच्या खोऱ्यात, मराठवाड्यात. सातवाहनकाळातल्या मोठ्या विटांचे तुकडे आणि खापरं वरच विखुरलेली. माथा संरक्षित, उतार शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर. शेतकऱ्यांचा होकार बांधावर उभ्या उभ्या मिळाला. "सोयाबीन निघालं की ये पोरी, पण हरभरा पेरायच्या आत उरक," एवढीच एका आबांची अट. यंत्रही एका संस्थेने उसनं दिलं. अडलं ते माथ्यासाठी.

पुरातत्त्वाच्या कार्यालयातला अर्ज उत्खननाचा होता. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली. निघालेल्या वस्तू कुठे ठेवणार. खड्डा कसा बुजवणार. मी प्रत्येक रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. मग सोबत साधं पत्र जोडून पद्धत समजावली. मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीच्या चुंबकत्वातले बारीक फरक टिपणारं यंत्र, हातात धरून फक्त चालायचं असतं. रेझिस्टिव्हिटीत दोन सळया जमिनीत दहाएक सेंटिमीटर टोचून वीज किती अडते ते मोजायचं: दगडविटांची भिंत ती जास्त अडवते, ओल धरणाऱ्या मातीने भरलेला खड्डा कमी. त्या 'दहाएक सेंटिमीटर'खाली लाल शाईची रेघ मारून पत्र परत आलं. शेरा होता, 'खोली नमूद आहे, सबब उत्खनन'.

शेळीच्या दाव्याची खुंटी याहून खोल जाते, हे मी तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हणाले. लेखी दिलं. ते 'अभिप्रायार्थ' दुसऱ्या कार्यालयात गेलं. तिथून विचारणा आली की ही पद्धत मान्यताप्राप्त आहे का. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी १९४६ साली इंग्लंडमध्ये डॉर्चेस्टरजवळ रेझिस्टिव्हिटीने गाडलेले खंदक शोधले, १९५८ मध्ये मार्टिन एटकिन यांनी मॅग्नेटोमीटरने रोमनकालीन भट्ट्या शोधल्या, असं उत्तर मी दिलं. त्यानंतर बराच काळ एकच वाक्य ऐकलं, "मॅडम, फाइल वर गेलीय." वर म्हणजे कुठे, ते कोणी सांगेना. सोयाबीन निघालं, हरभरा पेरला, तोही निघाला. यंत्राची तारीख दोनदा पुढे ढकलावी लागली आणि प्रत्येक वेळी त्या संस्थेपुढे मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली. दोष माझा नसताना.

शेवटी एका अधिकाऱ्यांनी कागद स्वतः वाचला. "यातून जमिनीतली एखादी वस्तू बाहेर येणार आहे का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. "मग हे पहिल्या ओळीत लिहा." लिहिलं, आणि सही झाली! इतका आनंद मला नेट पास झाल्यावरही झाला नव्हता. म्हणून पहिला सल्ला हाच: 'माती हलवली जाणार नाही, वस्तू काढली जाणार नाही' हे विषयाच्या ओळीतच लिहा, यंत्राचा फोटो जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पत्र हाती आलं तेव्हा ऐन उन्हाळा होता. काळ्या मातीला भेगा पडलेल्या, सळयांना ओलच लागेना. प्रत्येक ठिकाणी पाणी ओतलं तर आपण मोजतो ते आपलंच पाणी. त्यामुळे रेझिस्टिव्हिटी पावसाळ्यानंतर ठेवली आणि आधी ग्रेडिओमीटर (मॅग्नेटोमीटरचाच एक प्रकार) चालवला, कारण चुंबकत्वाला ओलीची गरज नसते. तुम्हीही असंच करा, आणि अर्ज जूनमध्येच टाका. (जीपीआरचा, म्हणजे जमिनीत रडारच्या लहरी सोडणाऱ्या यंत्राचा, हट्ट आपल्याकडच्या काळ्या चिकण मातीत धरू नका, ही माती रडारच्या लहरी वरच गिळते.)

२० मीटरचे चौकोन आखून घेतले. आपल्याकडची खरी अडचण बेसॉल्ट. तो स्वतःच चुंबकीय असल्यामुळे रचलेल्या दगडांसोबत शेतातला मोकळा धोंडाही नकाशावर उमटतो. पृथ्वीचं क्षेत्र आपल्या भागात चाळीस हजारांहून जास्त नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), आणि भरून गेलेल्या जुन्या खड्ड्याची खूण त्यात काही मोजक्या नॅनोटेस्लांची. म्हणून चालणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको: पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, मोबाइल, सगळं बाजूला. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्रामचा त्रास नको म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवायला घेतली होती, यावरून काय ते समजा. माझ्या एका चौकोनात तर लोखंडी पाइपलाइनने सगळं झाकून टाकलं.

पण उतारावर एका जागी दोन ध्रुवांची ठळक, गोलसर खूण मिळाली. तापून थंड झालेली माती त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते, म्हणून भट्टी अशी दिसते. ऑक्टोबरात माथ्यावर रेझिस्टिव्हिटीत काटकोनात वळणारी जास्त रोधाची रेघही आली. एवढी सरळ रेघ आणि असा काटकोन बांधकामाचाच असणार, असं माझं मत आहे. खोदल्याशिवाय ते सिद्ध होणार नाही, पण आता खोदायचं झालं तर नेमकं कुठे, हे तरी ठरलं आहे.

अजून एक, जे आधी सांगायला हवं होतं. गावात पहिल्याच दिवशी "गुप्तधन शोधताय का?" असं विचारलं जाईल. ग्रामपंचायतीला पत्र द्या आणि रोज संध्याकाळी नकाशा उघडून दाखवा. आमच्याकडे आबांनीच पाइपलाइनची रेघ ओळखली आणि ती कुठल्या विहिरीवरून येते तेही सांगितलं. पुढचे चौकोन आम्ही ती टाळून आखले.