‘चा’ दिसला की एस लावायचा का?

‘चहाचा कप फुटला’ आणि ‘चहाचा एक कप दे’. मराठीत दोन्हीकडे तोच ‘चा’ आहे. इंग्रजीत पहिला कप ‘टी कप’ होतो, दुसरा ‘अ कप ऑफ टी’. पहिल्यात कपाचा प्रकार सांगितलाय, दुसऱ्यात चहाचं माप. ‘टी’स कप’ मात्र दोन्हीकडे चुकतं. तरी वह्यांमध्ये तेच सापडतं, कारण शाळेत ‘चा, ची, चे म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस’ एवढंच पाठ झालेलं असतं.

आपला ‘चा’ फार कामसू आहे. मालकी, नातं, माप, प्रकार, गाव, वेळ, सगळं तो एकटा वाहतो. घरात अहिराणी बोलणाऱ्यांचंही तेच: मामाना बैल, मामानी गाय, मामानं वावर. ‘ना’ असो की ‘चा’, ओझं तेवढंच. इंग्रजीत या ओझ्याचे वाटे पडतात. म्हणून भाषांतराआधी एकच प्रश्न विचारायचा: हा ‘चा’ इथे नेमकं काय सांगतोय?

आपल्या केळीवरच बघा. केळीचं पान म्हणजे ‘बनाना लीफ’, केळीचं खोड ‘बनाना स्टेम’, केळीचे वेफर्स ‘बनाना चिप्स’. हे सगळे प्रकार आहेत, मालकी कुठेच नाही. म्हणून दोन नामं नुसती शेजारी बसतात आणि पहिलं बहुतेक वेळा एकवचनी राहतं. चपलांच्या दुकानात चपला कितीही असोत, ते ‘शू शॉप’च. केळीचा घड मात्र ‘अ बंच ऑफ बनानाज’, कारण घड म्हणजे समूह, आणि समूह किंवा माप आलं की ‘ऑफ’ लागतो. ‘रावेरची केळी’ म्हणजे रावेरहून आलेली केळी, म्हणून ‘बनानाज फ्रॉम रावेर’. ‘तो जळगावचा आहे’ याचंही ‘ही इज फ्रॉम जळगाव’. ‘ही इज जळगाव’स’ लिहिलं तर जळगाव त्याचं मालक होऊन बसतं. ‘बाजारातली केळी’मधला ‘तली’ जागा दाखवतो, तिथे ‘इन द मार्केट’ किंवा ‘फ्रॉम द मार्केट’.

मग एस लागतो कुठे? माणसाला आणि जनावराला आधी: ‘माय सिस्टर’स हाउस’, ‘द बुल’स हॉर्न्स’. गाव, देश, संस्था यांना चालतो: ‘जळगाव’स बनाना ग्रोअर्स’, ‘द कॉलेज’स लायब्ररी’. निर्जीव वस्तूला ‘ऑफ’ किंवा जोडनाम बरं दिसतं: ‘द रूफ ऑफ द हाउस’, ‘टेबल लेग’. हा काही पक्का कायदा नाही, ‘द कार’स इंजिन’ सर्रास लिहितात. पण शिकणाऱ्याने निर्जीवाला ‘ऑफ’पासून सुरुवात केली तर चुका कमी होतात. जनावरांच्या बाबतीत एक बारकावा आहे. जिवंत जनावर जे देतं त्याला बहुधा एस लागतो: ‘काउ’स मिल्क’, ‘हेन’स एग’. कापून खाल्लं जातं तिथे तो नाही: ‘चिकन सूप’. म्हशीच्या दुधाला मात्र ‘बफेलो मिल्क’ म्हणण्याचाच रिवाज जास्त आहे.

वेळेला एस लागतो, आणि रजेच्या अर्जात इथेच घोळ होतो. एक दिवसाची रजा ‘वन डे’स लीव्ह’, कारण ‘डे’ एकवचन, म्हणून अ‍ॅपॉस्ट्रॉफीचं चिन्ह एसच्या आधी. दोन दिवसांची ‘टू डेज’ लीव्ह’, कारण अनेकवचनाचा एस आधीच आलाय, चिन्ह त्याच्या मागे. भुसावळहून जळगावला जायला अर्धा तास लागला, तर तो ‘हाफ अ‍ॅन अवर’स जर्नी’.

आता एक लांब पल्ल्याचं उदाहरण, कारण खरी दमछाक तिथे होते: ‘माझ्या मामाच्या शेतातल्या केळीचा भाव’. मराठी मालकाकडून वस्तूकडे चालत जाते आणि मुख्य शब्द शेवटी ठेवते. इंग्रजीत शेपटाकडून सुरुवात करा. कशाबद्दल बोलतोय? भावाबद्दल. ‘द प्राइस’. भाव निर्जीव, म्हणून पुढे ‘ऑफ द बनानाज’. केळी शेतातली, म्हणून ‘फ्रॉम’. शेत मामाचं, मामा माणूस, म्हणून ‘माय अंकल’स फार्म’. जोडलं की झालं: ‘द प्राइस ऑफ द बनानाज फ्रॉम माय अंकल’स फार्म’. मराठीतले चार दुवे इंग्रजीत चार वेगळ्या साधनांनी जोडले गेले: माय, एस, फ्रॉम, ऑफ. सगळीकडे एस लावला तर ‘माय अंकल’स फार्म’स बनानाज’ प्राइस’ होतं. व्याकरण कसंबसं तगतं, पण वाचणाऱ्याला धाप लागते. सलग दोन एस चालतात, ‘माय अंकल’स नेबर’स वेल’सारखे. तिसरा आला की वाक्य मोडून ‘ऑफ’ घ्या. क्रियापद भावाप्रमाणे एकवचनी: ‘इज’. बनानाज जवळ आहेत म्हणून ‘आर’ लिहिलं जातं, ते चूक.

‘द’ कुणाचा, हाही प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. ‘द फार्मर’स बुल’मधला ‘द’ शेतकऱ्याचा आहे, बैलाचा नव्हे. बैलाची ‘द’ची जागा ‘द फार्मर’स’ या अख्ख्या तुकड्याने घेतलेली असते. म्हणूनच ‘द माय बुक’ किंवा ‘अ माय फ्रेंड’ होत नाही, एका जागेवर दोघं बसत नाहीत. मग ‘माझा एक मित्र’ कसं म्हणायचं? ‘अ फ्रेंड ऑफ माइन’. ‘वडिलांचे एक मित्र’ म्हणजे ‘अ फ्रेंड ऑफ माय फादर’स’. इथे ‘ऑफ’ही आणि एसही, दोन्ही बरोबर आहेत. फोटोच्या बाबतीत हा एस कामाला येतो. ‘वडिलांचा एक फोटो’ म्हटलं तर फोटोत वडील आहेत की फोटो त्यांच्या मालकीचा, ते मराठीत संदर्भावरून ठरवावं लागतं. ‘अ फोटो ऑफ माय फादर’ म्हणजे वडील फोटोत दिसतात. ‘अ फोटो ऑफ माय फादर’स’ म्हणजे वडिलांकडच्या फोटोंपैकी एक, त्यात कुणीही असेल.

दोघांची मिळून एक वस्तू असेल तर एस शेवटच्याला एकदाच: ‘आशा अँड उषा’स हाउस’. दोघींची वेगवेगळी घरं असतील तर ‘आशा’स अँड उषा’स हाउसेस’.

हिज आणि हरची चूक मराठीच्या सवयीतून येते. ‘तिचा भाऊ’ या शब्दात ‘ति’ बहिणीकडून आला आणि ‘चा’ भावाकडून. मराठी दोघांचं लिंग एकाच शब्दात सांगते. इंग्रजी फक्त मालकाचं सांगते, वस्तूचं सोडून देते. भाऊ पुल्लिंगी म्हणून ‘सीता अँड हिज ब्रदर’ लिहिलं जातं, हवं ‘हर ब्रदर’. उलट आपण जिथे काहीच म्हणत नाही तिथे इंग्रजीला मालक लागतो. ‘त्याने हात धुतले’ म्हणजे ‘ही वॉश्ड हिज हँड्स’. ‘हिज’ गाळला तर वाक्य अर्धवट वाटतं.

चिन्ह कुठे द्यायचं यासाठी आधी अनेकवचन पूर्ण लिहून काढा. शेवटी एस असेल तर नुसतं चिन्ह: ‘गर्ल्स’ हॉस्टेल’. नसेल तर चिन्ह आणि एस दोन्ही: ‘विमेन’स’, ‘चिल्ड्रन’स’. नुसत्या अनेकवचनाला चिन्ह लागत नाही, त्यामुळे विक्रीच्या पाटीवर ‘बनाना’स’ चुकीचं. उच्चार तीन आहेत: पॅट’स मध्ये ‘स’, डॉग’स मध्ये ‘झ’कडे झुकणारा आवाज, जॉर्ज’स मध्ये ‘इझ’. ‘गर्ल्स’’मधलं मागचं चिन्ह ऐकूच येत नाही, ते फक्त कागदावर असतं.

यॉर्स, अवर्स, देअर्स, इट्स या सर्वनामांना चिन्ह नाही. ‘इट’स’मध्ये चिन्ह दिलं की ते ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ होतं. शंका आली तर तिथे ‘इट इज’ मोठ्याने वाचून पाहा. ‘द काउ इज लिकिंग इट इज काफ’ कानालाच खटकतं, म्हणजे तिथे चिन्ह नको.